शेजारच्या बाकावर कोण?

दरवर्षी गणपती बसले की आपल्या मंडपात एक दृश्य हमखास दिसते. आरती होते, मंत्रपुष्प होते, खिरापत वाटून होते. मग बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला उभे राहतात आणि दोन्हीकडे विषय मात्र एकच निघतो : "यंदा कुठे घातलं?" म्हणजे मुलाला कोणत्या शाळेत घातले. शाळेचे नाव ऐकून समोरचा "अरे वा!" म्हणतो की नुसतेच "बरं, बरं" म्हणतो, यावर आईबापांचा पुढचा महिना कसा जाणार ते ठरते. विद्येच्या देवतेसमोरच ही चर्चा होते आणि तीत विद्येचा उल्लेख क्वचितच असतो.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून राज्य शासनाच्या एका विभागात उपयंत्री म्हणून नोकरी करतो. आजोबांच्या वेळेपासून आमचे घर सराफ्याच्या मागच्या गल्लीत आहे. संपादक मंडळाने 'इंदूरच्या इतिहासावर काही लिहा' असे सांगितले, तेव्हा राजवाडा आणि छत्र्या सोडून मी हा शाळेचा विषय घेतला, कारण तो मला काही वर्षांपासून टोचतो आहे.

२०१४ साली मुलीच्या प्रवेशासाठी मी एका खाजगी इंग्रजी शाळेचा फॉर्म आणला. नाव सांगत नाही, कारण त्या वेळी असे फॉर्म एकाच शाळेचे नव्हते. त्यात मुलीविषयी चार ओळी होत्या आणि आमच्याविषयी दीड पान. वडिलांचे शिक्षण : पदवीधर, पदव्युत्तर, व्यावसायिक पदवी. तीन चौकोन होते आणि डिप्लोमाला त्यांपैकी एकही नव्हता. खिडकीवर विचारले तर आतल्या बाईंनी मान वर न करता विचारले, "मैडम का क्या है?" सौभाग्यवती बी.कॉम. आहेत. तिच्या पदवीवर आमच्या मुलीला प्रवेश मिळाला. वीस वर्षे ज्या डिप्लोमावर घर चालले त्याला त्या कागदावर जागा नव्हती.

पहिल्या हप्त्याचे पैसे कमी पडत होते म्हणून तिच्या पाटल्या घेऊन चार घरे पलीकडच्या पेढीवर गेलो. पेढीवरचे काका आजोबांना ओळखणारे. वजन करता करता ते म्हणाले, "मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे दोनच कामांसाठी माल येतो. लग्न आणि फी." त्या दिवसापासून मनात एक प्रश्न घर करून बसला. आपण शाळा निवडतो तेव्हा नेमके काय विकत घेतो? आणि हे कधीपासून चालू आहे?

एका चौकातून चार वाटा

१८१७ च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई झाली, जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. राजवाडा, त्याच्या पाठीशी सराफा, आणि शहराच्या दुसऱ्या बाजूला इंग्रजांची रेसिडेन्सी, असा या शहराचा नकाशा तयार झाला. आपले पूर्वज बहुतेक याच काळात किंवा यानंतर इकडे आले. कोणी शिलेदार म्हणून, कोणी कारकून, कोणी भिक्षुक, कोणी वैद्य म्हणून.

त्या वेळच्या राजवाड्यासमोरच्या चौकात चार मुले उभी आहेत अशी कल्पना करा. पहिला कारकुनाचा मुलगा. त्याची शाळा म्हणजे पंतोजींची ओसरी. धुळाक्षरे गिरवायची, मोडी वळणदार करायची, पावकी, निमकी, औटकीपर्यंत पाढे घोकायचे आणि वेत खायचा. होळकरांच्या दफ्तरात काम मिळवायला एवढे पुरेसे होते. दुसरा सराफ्यातल्या पेढीचा मुलगा. त्याला मोडी नको होती. तो महाजनी हिशेब शिकायचा, मुडिया लिपीत वही लिहायला शिकायचा, आणि त्याचा खरा गुरू म्हणजे पेढीवरचा जुना मुनीम. तिसरा मुलगा सरदाराचा. त्याला शिकवायला शास्त्री आणि मुन्शी घरी येत. चौथा मुलगा सोनाराच्या भट्टीवर भाता मारणाऱ्याचा, किंवा चौक झाडणाऱ्याचा. त्याला शाळाच नव्हती. त्यातही चौक झाडणाऱ्याच्या मुलाला पंतोजींच्या ओसरीची पायरीसुद्धा चढता येत नव्हती.

मुलींचे नाव मी घेतले नाही, कारण या चारही घरांत मुलींसाठी वाट नव्हती. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली.

या व्यवस्थेत आईबापांना शाळा निवडावी लागत नव्हती. जन्म झाला तेव्हाच ती ठरलेली असे. निवड सुरू झाली ती इंग्रजी राजवटीत, एकाच गावात अनेक प्रकारच्या शाळा उघडल्या तेव्हा. १८४० च्या दशकात इथे 'इंदूर मदरसा' सुरू झाला. नाव मदरसा असले तरी तिथे इंग्रजीबरोबर देशी भाषाही शिकवत. १८८७ साली कॅनडाच्या मिशनऱ्यांनी ख्रिश्चन कॉलेज काढले. १८९१ साली महाराज शिवाजीराव होळकरांनी होळकर कॉलेज स्थापन केले. पंतोजींच्या ओसरीवरचा मुलगा आता बी.ए. होऊ शकत होता. आपल्यापैकी अनेक घरांच्या भिंतीवर जो फेटेवाला, कोटवाला पणजोबा टांगलेला असतो, तो याच वाटेने वर आला.

१८८२ साल

पण याच शहरात एक शाळा अशी होती की तिथे जाण्यासाठी गुणपत्रक लागत नव्हते, वंशावळ लागत होती. १८७० मध्ये ती 'रेसिडेन्सी स्कूल' म्हणून सुरू झाली, १८७६ मध्ये राजकुमार कॉलेज झाली आणि १८८२ मध्ये गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली यांच्या नावावरून तिला 'डेली कॉलेज' हे नाव मिळाले. मध्य भारतातल्या संस्थानिकांची, ठाकुरांची, सरदारांची मुले शिकवण्यासाठी ती होती. राजकोट, अजमेर, लाहोर इथेही अशीच कॉलेजे निघाली. अजमेरच्या मेयो कॉलेजचे पहिले विद्यार्थी अलवरचे महाराज मंगलसिंह हत्ती, उंट, घोडे आणि शेकडो नोकर घेऊन शाळेत दाखल झाले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तिथे पुस्तकी विद्या होतीच, पण त्यापेक्षा महत्त्वाचे होते ते क्रिकेट, घोडेस्वारी, साहेबाशी बोलण्याची रीत, आणि शेजारच्या बाकावर बसलेला दुसरा राजकुमार. पुढे आयुष्यभर उपयोगी पडायची ती ही ओळख.

त्याच १८८२ साली, ऑक्टोबर महिन्यात, पुण्यात जोतीराव फुले हंटर आयोगासाठी आपले लेखी निवेदन तयार करत होते. त्यांचे म्हणणे सरळ होते. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. वर शिकलेले लोक खाली विद्या झिरपवतील, ही सरकारची आशा खोटी ठरली आहे. म्हणून निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सर्वांना सक्तीचे करावे.

एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवतो. इंदुरात राजपुत्रांच्या शाळेला नवे नाव मिळत होते आणि पुण्यात एक माणूस विचारत होता की शाळेचा पैसा येतो कुणाकडून आणि जातो कुणाकडे. हा दुसरा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जास्त जुना झाला, पण विझला नाही.

आपल्या राजघराण्याचाच प्रवास पाहा. महाराज तुकोजीराव तिसरे यांचे शिक्षण डेली कॉलेज आणि मेयो कॉलेजात झाले. त्यांचे पुत्र महाराज यशवंतराव इंग्लंडमध्ये चार्टरहाउसला आणि मग ऑक्सफर्डला गेले. दर पिढीला शाळा एक मुक्काम दूर गेली. प्रजा मागून जवळ आली की राजा पुढच्या मुक्कामाला निघतो, असा हा नियम दिसतो. तो राजांपुरताच राहिला नाही, हे पुढे येईलच.

मात्र अशा शाळांतून बाहेर पडलेल्यांपैकी काहींनी दुसराही रस्ता धरला. कोल्हापूरचे शाहू महाराज राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकले. त्यांनी १९०१ पासून आपल्या राजधानीत एकेका समाजासाठी वसतिगृहे उघडली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांबरोबर एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. बडोद्याचे सयाजीराव तर कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेले, वयाच्या बाराव्या वर्षी अक्षरे शिकलेले. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात सक्तीचे शिक्षण लागू केले. हे दोघेही आपल्या मुलांना गावच्या शाळेत पाठवत नव्हते, हे खरे. पण गावची शाळा चांगली व्हावी हे आपले काम आहे, असे ते मानत होते.

महूचे सुभेदार

शाळेची निवड हा केवळ ऐपतीचा मामला असता, तर आपल्या शेजारच्या महूची गोष्ट घडलीच नसती. सुभेदार रामजी सकपाळ तिथे लष्कराच्या शाळेत मुख्याध्यापक होते. तिथेच १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. म्हणजे ज्या वर्षी इंदुरात होळकर कॉलेज उघडले त्याच वर्षी, पंधरा मैलांवर.

रामजींच्या जातीला गावात शाळेचे दार बंद होते. पण पलटणीत शिपायांच्या मुलांना शिकवण्याची सक्ती होती, आणि त्या एका फटीतून त्यांच्या घरात विद्या आली. निवृत्तीनंतर सातारा आणि मग मुंबई. साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांना वेगळे, गोणपाटावर बसावे लागले. रामजींनी माघार घेतली नाही. मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत राहून त्यांनी मुलाला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातले. पुस्तकांसाठी पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना मागून आणत, गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. बाबासाहेबांनी स्वतः ही आठवण सांगितलेली आहे.

ही आठवण वाचली तेव्हा मला माझ्या पाटल्या आठवल्या आणि लाजही वाटली. दागिना दोघांनीही गहाण ठेवला. रामजींनी तो ठेवला मुलाला बाकावर जागा मिळावी म्हणून. मी ठेवला तो मुलीच्या शेजारच्या बाकावर विशिष्ट घरचीच मुले असावीत म्हणून. फॉर्मवर 'चांगले शिक्षण' असे लिहिले तरी मनात काय होते ते मला ठाऊक आहे.

तीन जण एका बाकावर

२८ मे १९४८ रोजी मध्यभारत राज्य झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश. होळकरांच्या शाळा सरकारी झाल्या. चिमणबागेतली महाराजा शिवाजीराव शाळा, मल्हाराश्रम, अहिल्याश्रम, शारदा कन्या, मालव कन्या, बाल विनय मंदिर ही नावे घेतली की या मंडपातले निम्मे आजी-आजोबा आजही ताठ बसतात. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, न्यायाधीश, बँकेचे मॅनेजर याच शाळांतून निघाले. फी नाममात्र. वर राजकुमारांची शाळा होतीच. तिनेही १९४० च्या सुमारास सर्वांसाठी दार उघडले होते, पण तिची फी आपल्या घरांच्या आवाक्याबाहेरची होती. त्यामुळे मधला वर्ग आणि कष्टकरी वर्ग यांना शाळा एकच उरली. हा काळ फार लांब नव्हता, तीस-चाळीस वर्षांचा. पण माझ्या मते इंदूरच्या मराठी माणसाची खरी कमाई या काळातली आहे.

मी शाळेत गेलो तो या काळाच्या शेवटी. आमच्या बाकावर तिघे. मी कारकुनाचा मुलगा, दुसरा सराफ्यातल्या दुकानदाराचा, तिसरा मिलमध्ये विणाई खात्यात काम करणाऱ्याचा. तिसरा गणितात आम्हा दोघांनाही पाणी पाजायचा. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या निघाल्या की तो आम्हाला आधीच सांगून ठेवायचा, कोणत्या गाडीवर कोणता देखावा आहे आणि राक्षसाचे तोंड कोणत्या मोटारने उघडते. त्याचे वडील ती झांकी बांधणाऱ्यांत होते. आम्हाला तो मोठा माणूस वाटे.

ती शाळा चांगली का होती याचा मी पुष्कळ विचार केला. मास्तर चांगले होते, हे खरे. पण मास्तर चांगले राहण्यालाही कारण होते. एक प्रसंग सांगतो. आमच्या आधी, वडील शाळेत असताना, एका पावसाळ्यात वर्गाचे छप्पर गळू लागले. आजोबांनी एक अर्ज लिहिला. दफ्तरातले वळण, मुद्देसूद, खाली सात पालकांच्या सह्या. आठवण म्हणून दुसरा अर्ज, मग तिसरा. दिवाळीनंतर छप्पर दुरुस्त झाले. माझ्या वेळी गणिताचे मास्तर बदलून गेले आणि जागा तीन महिने रिकामी राहिली. वडील आणि आणखी तिघे रजा टाकून वरच्या कार्यालयात जाऊन बसले. पंधरा दिवसांत मास्तर आले.

आजोबांनी अर्ज केला तो आपल्या मुलासाठी. त्यात समाजसेवेचा भाव नव्हता. पण छप्पर दुरुस्त झाले ते वर्गातल्या पन्नासही मुलांच्या डोक्यावरचे. ज्यांच्या बापाला अर्ज लिहिता येत नव्हता, ज्यांच्या बापाला पाळी सोडून कार्यालयात बसता येत नव्हते, त्यांच्याही डोक्यावरचे. सरकारी शाळेचे गुपित मला यातच दिसते. ज्यांना बोलता येते त्यांची मुले तिथे होती, म्हणून सरकारला ऐकावे लागत होते.

१९६६ साली कोठारी आयोगाने हेच मोठ्या पातळीवर सांगितले होते. सर्व थरांतली मुले एकाच परिसरातल्या, एकाच दर्जाच्या शाळेत जावीत, अशी त्याची शिफारस होती. कागदावर सर्वांना ती मान्य झाली.

आपण कसे निघालो

आपण सरकारी शाळा एका दिवशी सोडली नाही. आधी मराठी माध्यमाचे वर्ग रोडावले, कारण राज्य हिंदीचे आणि नोकऱ्या हिंदीत. मग हिंदी माध्यम मागे पडले, कारण नोकऱ्या इंग्रजीत. प्रथम घरातला एक मुलगा इंग्रजी शाळेत गेला. बहुतेक घरांत तो मुलगाच असे, त्याची बहीण सरकारी शाळेतच राहिली. माझ्या आत्याचे तसे झाले आणि ती हे अजून बोलून दाखवते. मग शेजाऱ्याने नेले, मग साडूने. मागे राहिलेल्याला वाटू लागले की आपणच मुलाचे नुकसान करतो आहोत. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता बरोबर होता. सगळ्यांच्या निर्णयाची बेरीज मात्र अशी झाली की अर्ज लिहिणारे सगळे निघून गेले.

त्याच सुमारास गिरण्या बंद पडू लागल्या. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली. कामगारांची देणी मिळायला त्यानंतर तीन दशके लागली, २०२३ साल उजाडले. माझ्या बाकावरच्या तिसऱ्याच्या वडिलांचेही काम याच लाटेत गेले. सातवीच्या सहामाहीनंतर तो शाळेत आला नाही. कुणीतरी सांगितले की सायकलच्या दुकानावर बसतो. मी दोनदा त्या रस्त्याने गेलो, थांबलो नाही. काय बोलायचे ते कळत नव्हते. सराफ्यातल्या मित्राला पुढच्या वर्षी वडिलांनी इंग्रजी शाळेत नेले. आठवीत त्या बाकावर मी एकटा उरलो होतो. तिघांपैकी एक खाली घसरला, एक वर निघून गेला, आणि शाळा तिथेच राहिली.

आता आम्हा सरकारी नोकरांविषयी. १८ ऑगस्ट २०१५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशासाठी एक निकाल दिला. सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेतच घालावीत, म्हणजे शाळा आपोआप सुधारतील, असा त्याचा आशय होता. आमच्या ऑफिसात त्या दिवशी चहावर बरीच हशा-थट्टा झाली. मीही हसलो. निकालाची अंमलबजावणी झाली नाही. पण न्यायमूर्ती जे म्हणत होते ते आजोबांच्या अर्जापेक्षा वेगळे नव्हते.

वाढदिवसाची यादी

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू आहे. त्यानुसार खाजगी शाळांनी पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा परिसरातल्या दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यायच्या आणि ठरलेल्या दराने त्यांची भरपाई शासनाने करायची. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. आपल्या राज्यात यासाठी ऑनलाइन सोडत निघते. याच कायद्याने प्रवेशाच्या वेळी मुलांची किंवा पालकांची चाळणी लावायलाही मनाई केली आहे. म्हणजे २०१४ साली माझ्यापुढे आलेला तो तीन चौकोनांचा फॉर्म कायद्यात बसत नव्हता. सरकारी माणूस असून मी गप्प बसलो, कारण आमचे काम झाले होते.

मुलगी तिसरीत असताना तिच्या वर्गात सोडतीतून आलेला एक मुलगा होता. तिच्या वाढदिवसाला आम्ही नवरा-बायकोने पंधरा मुलांची यादी केली. तिने सोळावे नाव त्याचे लिहिले. मी म्हटले, "बाळा, जागा कमी आहे." घर तेच, जागा तेवढीच. पंधरा मावत होते, सोळावा मावत नव्हता. तिने काही न बोलता नाव खोडले. मुलांना खोडायला आपणच शिकवतो.

त्याच आठवड्यात रात्री पाहुण्यांना घेऊन सराफ्यात गेलो. दिवसा ज्या ओट्यावर सोने तोलले जाते त्याच ओट्याखाली रात्री भुट्ट्याचा कीस आणि गराडू तोलले जातात, हे आपल्याला नवे नाही. गाडीवाला शेठ आणि हमाल तिथे खांद्याला खांदा लावून उभे राहून खातात. एका दुकानामागे भांडी घासणारा माणूस हात पुसत पुढे आला आणि म्हणाला, "आप बेबी के पापा हो ना? मेरा लड़का उसी की क्लास में है." त्याने मालकाला सांगून आमच्या द्रोणात थोडा कीस जास्त घालायला लावला. पैसे देताना माझा हात अवघडला. त्या कीसाची चव मला आठवत नाही.

शेवटचे थोडेसे

मी कुणाला दोष देत नाही. माझी मुलगी अजून त्याच खाजगी शाळेत आहे आणि मी तिला काढून आणणार नाही. उद्या तुम्हीही तुमच्या नातवंडांसाठी तेच कराल. मुलाचे भले चिंतणे हे पाप नाही. परंतु दोनशे वर्षांचा हा हिशेब मांडल्यावर एक गोष्ट मला स्वच्छ दिसते. आपण 'शाळा चांगली आहे' म्हणतो तेव्हा अर्धे लक्ष फळ्याकडे आणि अर्धे शेजारच्या बाकाकडे असते. राजकुमारांच्या कॉलेजात हे उघड होते. आपल्या वेळी ते फॉर्मच्या चौकोनांत आणि वाढदिवसाच्या यादीत लपले आहे. आणि ज्या बाकांवरून आपण उठलो ती मुले आपल्या उठण्यामुळे एकटी पडली आहेत.

सरकार आपल्या परीने प्रयत्न करते आहे. सीएम राइज म्हणून ज्या शाळा निघाल्या, ज्यांना २०२५ पासून सांदीपनी विद्यालय म्हणतात, त्यांच्या नव्या इमारती आपण पाहतोच. इमारत बांधता येते, तो माझ्याच व्यवसायाचा भाग आहे. पण तीन वर्षांनी छप्पर गळले तर अर्ज कोण लिहिणार, याची तरतूद कुठल्याही अंदाजपत्रकात नसते.

ती तरतूद आपण करू शकतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, पण उरलेल्यांत परिसरातल्या शिक्षणाशी संबंधित व्यक्तीलाही जागा आहे. आपल्यात निवृत्त शिक्षक-शिक्षिका कितीतरी आहेत. मंडळ दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करते, त्यात यंदापासून जवळच्या सरकारी शाळेतली चार मुलेही असावीत, ती मराठी असोत वा नसोत. यासाठी वर्गणी वाढवावी लागणार नाही.

आमच्या घराजवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत मी गेल्या महिन्यात दोनदा जाऊन आलो. दोन वर्गांना मिळून एकच शिक्षिका आहेत आणि एका वर्गाचे छप्पर गळते. आजोबांची दौत आणि बोरू आमच्या घरी अजून आहे, पण मी अर्ज संगणकावरच टाइप केला. मुद्देसूद केला आहे, वय झालेल्या डोळ्यांनाही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत. खाली सह्यांसाठी जागा सोडली आहे, सातापेक्षा बरीच जास्त.

अनंत चतुर्दशीपर्यंत तो मंडपात, खिरापतीच्या टेबलाशेजारी ठेवलेला असेल. आरती झाली की "यंदा कुठे घातलं?" विचारण्याआधी दोन मिनिटे तिकडे या. पेन तिथेच बांधून ठेवले आहे.

गणपती बाप्पा मोरया!